शुगरचा आकडा आला. पण तो कुणाचा?

रुग्णालयात कुणाच्या तरी खाटेशेजारी रात्र काढलेल्यांनी हे पाहिलेलं असतं. सिस्टर येतात, बोटाला टोचतात, थेंबभर रक्त पट्टीला लावतात आणि काही सेकंदांत हातातल्या यंत्रावर आकडा उमटतो. २१४. सिस्टर तो चिठोऱ्यावर टिपतात, घाई असेल तर हातमोज्यावरच लिहितात, आणि पुढच्या खाटेकडे वळतात. तासाभराने डॉक्टर संगणक उघडून विचारतात, "सकाळची शुगर किती होती?" मग चिठोऱ्याची शोधाशोध सुरू होते.

बघणाऱ्याला नवल वाटतं. खिशातला फोन क्षणात जगाच्या दुसऱ्या टोकाला फोटो पोचवतो. मग हा तीन अंकी आकडा दहा पावलांवरच्या संगणकात आपोआप का जाऊ नये?

जाऊ शकतो, आणि अनेक रुग्णालयांत जातोही. पण ही जोडणी बसवणाऱ्यांचा घाम तारा आणि वाय-फायवर निघत नाही. आकडा पोचवणं सोपं असतं. तो कुणाचा, कधीचा, कशातून काढलेला आणि कुणी काढलेला, ही माहिती वाटेत न सांडता त्याच्यासोबत पोचवायची, तिथे सगळं अडतं.

पट्टीपासून पडद्यापर्यंत

ग्लुकोमीटरच्या पट्टीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, लावलेलं असतं. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची अभिक्रिया झाली की अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. ग्लुकोज जास्त, तर प्रवाह जास्त. यंत्र तो मोजून आकडा दाखवतं. एन्झाइम आणि विद्युतअग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, यांची ही सांगड क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. त्यानंतरची सगळी सुधारणा यंत्र लहान, स्वस्त आणि झटपट करण्याची.

रुग्णालयातलं यंत्र घरच्यासारखंच दिसतं, पण त्याला बारकोड वाचणारा डोळा असतो आणि स्मरणशक्ती मोठी असते. काम संपलं की ते एका बैठकीवर ठेवतात, तिला डॉक म्हणतात. तिथे त्याचं चार्जिंग होतं आणि साठलेले आकडे बाहेर पडतात. नव्या यंत्रांना वाय-फाय असल्याने ती चालता चालता आकडे पाठवतात.

हे आकडे थेट रुग्णाच्या फाइलमध्ये पडत नाहीत. मध्ये एक संगणकप्रणाली बसलेली असते. तिला मिडलवेअर म्हणतात. आपण मध्यस्थ म्हणू. सगळ्या वॉर्डांतल्या सगळ्या यंत्रांचे आकडे आधी मध्यस्थाकडे येतात. तो त्यांची छाननी करतो आणि मग लॅबच्या प्रणालीकडे किंवा रुग्णाच्या डिजिटल फाइलकडे धाडतो. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी होते, तसंच हे. पत्ता नीट असेल तर पत्र पुढे जातं, नसेल तर बाजूला पडतं. बाजूला पडलेल्या त्या ढिगाकडे रोज कुणी पाहतं का, एवढ्या एका प्रश्नावरून रुग्णालयाची जोडणी कितपत धड आहे ते कळतं असं माझं मत आहे.

लॅबच्या उलटा क्रम

लॅबची पद्धत ठरलेली असते. डॉक्टर तपासणी लिहून देतात, तिला क्रमांक मिळतो, त्या क्रमांकाची चिठ्ठी नळीला चिकटते, नळी यंत्रात जाते आणि निकाल त्याच क्रमांकावर परत येतो. हॉटेलात आधी ऑर्डर जाते आणि मग ताट येतं, तसं. लॅबचं सगळं सॉफ्टवेअर याच क्रमावर उभं आहे.

खाटेजवळ हे उलटं होतं. रुग्णाला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, की सिस्टर आधी शुगर बघतात. ऑर्डरची वाट बघत बसल्या तर रुग्ण बेशुद्ध व्हायचा. म्हणजे ताट आधी वाढलं गेलं आणि ऑर्डर कुणी दिलीच नव्हती. असा निकाल लॅबच्या प्रणालीकडे आला की ती गोंधळते, कारण तो कुठे ठेवायचा हे तिला माहीत नसतं. म्हणून मध्यस्थाला शिकवावं लागतं: निकाल आला की मागच्या तारखेची, नव्हे, मागच्या मिनिटाची ऑर्डर तयार कर आणि त्यावर निकाल चढव. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ऑर्डर कुणाच्या नावावर, बिल लागणार की नाही, आधीच लिहिलेली दिवसातून चार वेळांची ऑर्डर असेल तर ही त्यातली कितवी, हे सगळं आधी ठरवावं लागतं. यावर बैठकांमागून बैठका होतात.

दुभाष्याची गरज

१९९०च्या दशकात प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापल्या भाषेत बोलायचं. तीन कंपन्यांची यंत्रं घेतली की तीन वेगळी सॉफ्टवेअरं आली. हा वैताग संपवायला यंत्र बनवणारे आणि रुग्णालयवाले एकत्र आले आणि २००१ मध्ये पीओसीटी-१ नावाचं प्रमाण ठरलं. खाटेजवळच्या यंत्राने आपला निकाल कोणत्या रचनेत सांगायचा, याचे ते नियम आहेत. पुढचा प्रवास, म्हणजे मध्यस्थापासून रुग्णाच्या फाइलपर्यंतचा, बहुतेक ठिकाणी एचएल-सेव्हन नावाच्या जुन्या भाषेत होतो. ती बनवणारी संस्था १९८७ मध्ये स्थापन झाली आणि तिचे उभ्या रेघांनी तोडलेले संदेश आजही जगभरच्या रुग्णालयांत फिरत असतात.

एवढं असूनही व्याकरण एक झालं म्हणजे अर्थ एक झाला असं होत नाही. 'ग्लुकोज' म्हणजे बोटातल्या थेंबातलं की शिरेतून काढलेल्या रक्तातलं? दोन्ही आकडे एकाच रकान्यात पडले तर आलेख भलतीच कथा सांगतो. त्यासाठी लॉइंक ही संकेतांकांची यादी आहे. अमेरिकेतल्या रीजेनस्ट्रीफ संस्थेत १९९४ मध्ये तिचं काम सुरू झालं. प्लाझ्मा किंवा सीरममधल्या, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवातल्या, ग्लुकोजला तिथे २३४५-७ हा अंक आहे, तर ग्लुकोमीटरवर केशिकांच्या, म्हणजे बोटातल्या रक्तातून मोजलेल्या ग्लुकोजला ४१६५३-७. जोडणी करताना कुणी आळस करून दोन्हीला एकच अंक दिला, तर चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

एककाचं दुखणं त्याहून थेट आहे. काही देशांत शुगर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. दोन्हींत सुमारे १८ पटींचा फरक आहे. समजा आकडा आला नुसता '२०', एकक वाटेत गळलं. मिलिमोलमध्ये याचा अर्थ आपल्या मिलिग्रॅमच्या मापात ३६०, शुगर खूप चढलेली. मिलिग्रॅममध्ये याचा अर्थ रुग्ण मरणाच्या दारात, ताबडतोब ग्लुकोज चढवा. तोच आकडा, दोन विरुद्ध उपचार.

नाव चुकलं की सगळंच चुकलं

आता या सगळ्यातली सगळ्यात नाजूक गाठ. यंत्राला रुग्ण दिसत नाही, त्याला फक्त एक क्रमांक कळतो. तो हाताने टाइप करायचा असेल तर आठ-दहा अंकांत एखादा इकडचा तिकडे होणारच, विशेषतः पहाटे चार वाजता. कागदावर चूक झाली तर ती निदान त्या खाटेवरच्या कागदावर राहायची. जोडलेल्या प्रणालीत मात्र चुकलेला क्रमांक दुसऱ्या खऱ्या माणसाचा असू शकतो आणि आकडा मुकाट्याने त्याच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. एका चुकीने दोन रुग्ण घायाळ: एकाचा आकडा हरवला, दुसऱ्याला नसलेला आकडा चिकटला.

म्हणून रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवर बारकोड असतो. विमानतळावर बॅगेला चिकटवतात त्या चिठ्ठीसारखाच. पण बॅगेची चिठ्ठी नीट वाचली गेली तरी ती चिठ्ठी त्याच बॅगेची आहे ना, हे उरतंच. चांगल्या जोडणीत म्हणून उलटी वाटही असते. रुग्ण दाखल झाला, वॉर्ड बदलला, घरी गेला, या प्रत्येक घटनेचा संदेश रुग्णालयाच्या प्रणालीकडून मध्यस्थाकडे आणि तिथून यंत्राकडे जातो. मग सिस्टरनी पट्टी स्कॅन केली की पडद्यावर नुसता क्रमांक दिसत नाही, नाव आणि जन्मतारीख येते. समोर साठीच्या आजी आहेत आणि पडद्यावर तिशीतला पुरुष, हे कुणालाही दिसेल. फक्त आकडे बाहेर पाठवणारी जोडणी ही अर्धीच जोडणी. खरेदीच्या वेळी ही उलटी वाट 'पुढच्या टप्प्यात करू' म्हणून वगळली जाते आणि तो टप्पा काही येत नाही.

बारकोडला पळवाटाही निघतात. मनगटाची पट्टी भिजली, सुजलेल्या हातावरून काढावी लागली, की कुणीतरी तिची प्रत खाटेच्या कठड्याला चिकटवतं. रुग्ण बदलतो, प्रत तिथेच राहते. आणि अपघातात आणलेल्या बेशुद्ध माणसाचं काय? त्याला क्रमांकच नाही. अशा वेळी तात्पुरता क्रमांक वापरून तपासणी करतात आणि नंतर योग्य फाइलशी सांधतात. तो सांधण्याचं काम कुणाचं, हे ठरलेलं नसेल तर ते कुणाचंच नसतं.

घड्याळ आणि 'हाय'

इन्सुलिन दिल्यानंतरची शुगर १४० आणि इन्सुलिन देण्याआधीची शुगर १४० यांत जमीन-अस्मानाचा फरक. आकड्याला वेळ नसेल तर तो निरुपयोगी. यंत्राचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ते हळूहळू पुढे-मागे सरकतं. शिवाय यंत्र चार तास डॉकवर ठेवलंच नाही, तर तपासणीची वेळ वेगळी आणि आकडा पोचल्याची वेळ वेगळी. फाइलमध्ये कोणती दाखवायची? अर्थात तपासणीची. पण काही प्रणाली पोचल्याची वेळ ठळक दाखवतात, आणि मग दुपारी दोनला सकाळच्या सहाची शुगर 'ताजी' म्हणून वाचली जाते. त्यामुळे दर वेळी डॉकवर ठेवलं की यंत्राचं घड्याळ मध्यस्थाकडून जुळवून घेणं, ही क्षुल्लक दिसणारी सोय फार मोलाची आहे.

दुसरी खोच मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटते. प्रत्येक ग्लुकोमीटरची मोजण्याची मर्यादा असते. वरची मर्यादा ६०० असेल आणि शुगर त्यापलीकडे गेली, तर यंत्र आकडा देत नाही. पडद्यावर 'हाय' असं अक्षरांत लिहून येतं. फारच खाली गेली तर 'लो'. आता समोरच्या प्रणालीतला रकाना फक्त अंक घेणारा असेल तर? 'हाय' हा अंक नाही, म्हणून संदेश नाकारला जातो. म्हणजे १२०, १३५, १५० हे साधे आकडे नीट पोचतात आणि ज्यासाठी धावत यायला हवं नेमका तोच निकाल गळून पडतो. यावर उपाय अवघड नाही, '६०० पेक्षा जास्त' असं मूल्य स्वीकारणारा रकाना ठेवला की झालं. पण चाचणी घेताना कुणी मुद्दाम 'हाय' पाठवून बघितलं तरच हे उघडं पडतं. बहुतेक जण चाचणीला १०० पाठवतात.

"जोडलं म्हणजे आकडा खरा झाला ना?"

नाही. जोडणी आकडा जसाच्या तसा पोचवते. तो बरोबर करत नाही. ग्लुकोमीटर हे लॅबच्या यंत्राइतकं काटेकोर नसतं आणि तसा त्याचा दावाही नाही. आयएसओ १५१९७ या २०१३च्या प्रमाणानुसार, शुगर १०० किंवा अधिक असताना १०० पैकी ९५ आकडे लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के आत यावे लागतात. म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर यंत्राने १७० दाखवलं काय आणि २३० दाखवलं काय, दोन्ही चालतं. हे प्रमाण घरी वापरायच्या यंत्रांसाठी आहे. रुग्णालयातल्या यंत्रांसाठी एफडीए या अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामक संस्थेने २०१६ मध्ये अधिक कडक, १२ टक्क्यांची अपेक्षा मांडली.

रुग्णालयातले रुग्ण साधे नसतात, हे त्याचं कारण. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण फार कमी-जास्त असेल तर आकडा ढळतो. रक्तदाब कोसळलेला असेल तर बोटात रक्तच पुरेसं येत नाही. एका प्रकारच्या पट्ट्यांना तर ग्लुकोज आणि माल्टोज यांतला फरकच कळत नसे. पोटातून डायलिसिस करताना वापरतात त्या एका द्रावणापासून शरीरात माल्टोज तयार होतं. अशा रुग्णात यंत्र शुगर चढलेली दाखवायचं, प्रत्यक्षात ती घसरलेली असायची आणि वरून इन्सुलिन दिलं जायचं. १९९७ ते २००९ या काळात अशा गफलतीशी संबंधित १३ मृत्यूंची नोंद आपल्याकडे आल्याचं एफडीएने २००९ मध्ये जाहीर केलं होतं. असा आकडा वाय-फायवरून गेला असता तरी तितकाच खोटा ठरला असता, फक्त लवकर पोचला असता.

जोडणीचा उपयोग वेगळ्या जागी होतो. यंत्र रोज ठरावीक द्रावणाने तपासून पाहायचं असतं, म्हणजे ते ताळ्यावर आहे की नाही कळतं. जोडलेल्या यंत्राची ही तपासणी चुकली की ते रुग्णाची शुगर मोजायला नकार देतं. मुदत संपलेली पट्टी स्कॅन केली तरी अडतं. प्रशिक्षणाची मुदत संपलेल्या कर्मचाऱ्यालाही उघडू देत नाही. कुलूप कटकटीचं वाटतं हे खरं. आणीबाणीत ते बाजूला सारायची सोय ठेवावी लागते आणि ती सोय किती वेळा वापरली हेही नोंदवावं लागतं.

"एखादा आकडा इकडे-तिकडे झाला तर एवढं काय?"

शुगरवरून इन्सुलिनचा डोस ठरतो, आणि अतिदक्षता विभागात तर शिरेतून चालू असलेलं इन्सुलिन तासातासाला या आकड्यावर कमी-जास्त होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाइस-शुगर या अभ्यासात ६,१०४ गंभीर रुग्णांचे दोन गट होते. एका गटाची शुगर ८१ ते १०८ मध्ये घट्ट बांधून ठेवायची, दुसऱ्याची १८० किंवा त्याखाली. घट्ट बांधलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात २४.९ टक्के. शुगर धोकादायकरीत्या कोसळण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५ टक्के. या अभ्यासाच्या निष्कर्षावर पुढे बराच खल झाला आणि त्यात मोजमापाच्या अचूकतेचाही मुद्दा निघाला. लक्ष्य जितकं अरुंद, तितकी आकड्यातली आणि नोंदीतली लहान चूक महाग पडते, एवढं तरी त्यातून दिसतं.

"ही परिचारिकांवर पाळत तर नव्हे?"

हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. कोणी, कधी, कोणत्या रुग्णाची शुगर पाहिली हे सगळं यंत्रात राहतं, तेव्हा त्याचा वापर हजेरीसारखा होऊ शकतोच. वेल्समध्ये ब्रिजेंड इथल्या रुग्णालयात तसं घडलं. परिचारिकांनी कागदावर लिहिलेले शुगरचे काही आकडे संगणकातल्या नोंदींत सापडेनात. तपासणी न करताच आकडे लिहिले असा निष्कर्ष काढून दोन परिचारिकांवर कार्डिफच्या न्यायालयात जाणूनबुजून हेळसांड केल्याचा फौजदारी खटला उभा राहिला. सुनावणीत बाहेर आलं की यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याने रुग्णालयात येऊन त्या नोंदींची साफसफाई केली होती आणि त्यात काही माहिती काढून टाकली गेली होती. न्यायाधीशांनी संगणकाचा पुरावा बाजूला ठेवला आणि खटला कोसळला. संगणकशास्त्रज्ञ हॅरल्ड थिंबलबी यांनी या प्रकरणावर नंतर विस्ताराने लिहिलं आहे.

संगणकात नोंद नाही, याची कारणं कितीतरी असू शकतात. यंत्र डॉकवर ठेवलंच नाही. क्रमांक चुकला म्हणून निकाल त्या बाजूच्या ढिगात पडला. 'हाय' आलं आणि रकान्याने नाकारलं. यंत्र दुरुस्तीला गेलं आणि स्मृती पुसली गेली. या प्रत्येक शक्यतेचा माग ठेवणारी नोंद असेल, कुणी काय पुसलं हेही पुसता न येणारं असेल, तरच 'नोंद नाही' या दोन शब्दांना काही वजन येतं. जोडणी विकत घेताना आकडे किती वेगाने येतात हे सगळे विचारतात. ते कोण पुसू शकतो, हे फार थोडे विचारतात.

"नेटवर्क बंद पडलं किंवा कुणी घुसलं तर?"

नेटवर्क बंद पडलं तरी यंत्र शुगर मोजतंच. आकडे स्मृतीत साठतात आणि नंतर जातात. फक्त त्या काळात डॉक्टरांना फाइलमध्ये काही दिसत नाही, म्हणून तोंडी सांगण्याची सवय मोडू देऊ नये. घुसखोरीचा धोका खरा आहे. ही यंत्रं वर्षानुवर्षं वापरात राहतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर क्वचितच अद्ययावत होतं. त्यांना रुग्णालयाच्या नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवणं आणि मूळचा पासवर्ड बदलणं, एवढं तरी व्हायला हवं.

"दंडावर चिकटवायचा सेन्सर आला, मग हा खटाटोप कशाला?"

सतत शुगर मोजणारे हे सेन्सर रुग्णालयात वापरायला एफडीएने एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, तात्पुरती मोकळीक दिली होती. परिचारिकांनी खोलीत वारंवार जाणं टळावं हा त्यामागचा हेतू. पण सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली शुगर मोजतो आणि ती रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असते. दर पाच मिनिटांनी एक आकडा धरला तर दिवसाला २८८ आकडे झाले. ते सगळे फाइलमध्ये भरायचे की निवडक? निवडक, तर निवडणार कोण? सेन्सर एका रुग्णाच्या दंडावरून सुटून पडला, नवा लावला, तर त्याची गाठ फाइलशी पुन्हा मारायची कुणी? आणि त्याला पहाटे चारला मनगटाची पट्टी स्कॅन करता येत नाही.